बागलाण : वाट, पाट आणि बोली

नाशिक शहरापासून उत्तरेस सुमारे ९० किलोमीटर अंतरावर, विंचूर-प्रकाशा रस्त्यावर, आरम नदीच्या काठी सटाणा हे २०११च्या जनगणनेत चाळीस हजारांच्या आत लोकसंख्या असलेले नगरपरिषदेचे गाव आहे, आणि ते ज्या तालुक्याचे मुख्य ठिकाण आहे त्या तालुक्याला महसुली कागदांत आजही बागलाण असेच म्हणतात. ज्या बागुल घराण्यावरून हे नाव पडले असे मानले जाते, त्या घराण्याचे राज्य १६३८मध्ये संपले. त्यानंतर मोगल, मराठे, पेशवे आणि इंग्रज या मुलखावर येऊन गेले, परगण्यांचे जिल्हे झाले, जिल्ह्यांच्या सीमा पुन्हा पुन्हा आखल्या गेल्या, तरी नाव टिकले, आणि नावाबरोबर एका वेगळ्या मुलखाची जाणीवही टिकली. ही जाणीव राजघराण्याच्या आठवणीवर पोसलेली नाही. आज सटाण्यातील फार थोडी माणसे बागुल राजांची नावे सांगू शकतील. ती टिकली याचे कारण या खोऱ्यांतील माणसांनी नदीचे पाणी, घाटातली वाट आणि घरातली बोली ही तिन्ही शतकानुशतके एकमेकांशी वाटून घेतली, आणि या वाटणीचे नियम कोणत्याही दरबाराने घालून दिले नव्हते, म्हणून दरबार गेल्यावर ते मोडलेही नाहीत.

या मुलखाची भूमी समजल्याशिवाय त्याचा स्वभाव समजत नाही. सह्याद्रीची मुख्य रांग जिथे उत्तरेकडे संपत येते तिथून तिच्या काही शाखा पूर्वेकडे फुटतात. त्यांपैकी सेलबारी आणि डोलबारी या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या रांगा बागलाणच्या उत्तर व पश्चिम भागात पसरल्या असून त्यांच्या कुशीतून मोसम आणि आरम या नद्या निघतात व पुढे गिरणेला मिळतात. बारी म्हणजे दोन डोंगरांमधली, बैल आणि घोडे जाऊ शकतील अशी खिंड. रांगांची नावेच खिंडींवरून पडावीत, यात या प्रदेशाचे ऐतिहासिक महत्त्व आले, कारण सुरत आणि गुजरातच्या मैदानातून दख्खनकडे येणारा एक जुना व्यापारी मार्ग याच खिंडींतून वर चढत असे. या मार्गाच्या राखणीसाठी डोंगरांवर किल्ल्यांची दाटी झाली. १५६७ मीटर उंचीचा साल्हेर हा महाराष्ट्रातील सर्वांत उंच किल्ला असून कळसूबाईनंतर राज्यातील सर्वांत उंच शिखर तेच आहे, आणि त्याच्या माथ्यावर परशुरामाच्या पादुका आहेत, कारण परशुरामाने येथूनच बाण सोडून समुद्र मागे हटवला व कोकण निर्माण केले अशी लोकश्रद्धा आहे. साल्हेरला लागून सालोटा, मोसमच्या उगमाकडे मुल्हेर, मोरा व हरगड यांचा जोडसमूह, दक्षिणेस चौल्हेर, पूर्वेस पिसोळ, आणि जैनांचे सिद्धक्षेत्र असलेली मांगी-तुंगीची जुळी शिखरे हे सारे एका तालुक्याच्या हद्दीत येते.

अशा भूमीत वाट आणि आडोसा दोन्ही मिळतात. गुजरातचा शेवटचा वाघेला राजा कर्णदेव अलाउद्दीन खिलजीच्या सैन्यापुढे राज्य गमावून दख्खनकडे सरकला, तेव्हा देवगिरीच्या रामचंद्रदेव यादवाच्या छत्राखाली त्याने चौदाव्या शतकाच्या आरंभी काही काळ बागलाणात आश्रय घेतला होता, ही या मुलखाची मध्ययुगीन साधनांतील सर्वांत जुन्या ठळक नोंदींपैकी एक आहे. त्याच सुमारास किंवा त्यानंतर लवकरच येथे बागुलांची सत्ता स्थिर झाली. हे घराणे स्वतःला राठोड कुळातील म्हणवी आणि त्याच्या राजांना बहिर्जी असा वंशपरंपरागत किताब होता. घराण्याची राजधानी मुल्हेर, संस्कृतात मयूरगिरी, ही होती. नारायणशहा याच्या दरबारातील रुद्रकवीने शके १५१८मध्ये, म्हणजे १५९६ साली, राष्ट्रौढवंश महाकाव्य या नावाचे वीस सर्गांचे संस्कृत काव्य रचले, आणि त्यात या राजवंशाची परंपरा कविसुलभ अतिशयोक्तीसह का होईना पण क्रमवार सांगितली. एका डोंगरी, आडवाटेच्या राज्याला आपला इतिहास महाकाव्याच्या रूपात लिहून ठेवावासा वाटला, ही गोष्ट त्या राज्याच्या आत्मविश्वासाची साक्ष आहे. मुल्हेरची स्वतःची टांकसाळही होती आणि तेथे पाडलेल्या महमुदी नावाच्या चांदीच्या नाण्यांवर गुजरातच्या सुलतानी नाण्यांचा घाट दिसतो.

मोगल लेखकांनी बागलाणचे वर्णन जवळजवळ एकमुखाने केले आहे. अबुल फजलच्या ऐन-ए-अकबरीत सुरत आणि नंदुरबार यांच्या दरम्यानचा हा डोंगराळ पण दाट वस्तीचा प्रदेश म्हणून तो येतो. तेथे आठ हजार घोडेस्वार व पाच हजार पायदळ बाळगणारा राजा आहे, सात किल्ले आहेत आणि त्यांत मुल्हेर व साल्हेर विशेष बळकट आहेत, असे सांगून तो येथील द्राक्षे, डाळिंबे आणि इतर फळे उत्तम असल्याचीही नोंद करतो. शाहजहानच्या काळातील इतिहासग्रंथांत नऊ डोंगरी किल्ले, चौतीस परगणे आणि एक हजार एक गावे असा हिशेब दिलेला आढळतो, यातला शेवटचा आकडा शोभेचा असण्याचा संभव मोठा असला तरी मुलूख भरवस्तीचा होता हे त्यातून दिसते. अकबराने खानदेश जिंकल्यानंतर बागलाणकडेही मोर्चा वळवला होता. १६१०च्या सुमारास या भागातून गेलेला इंग्रज व्यापारी विल्यम फिंच याच्या वृत्तांतावरून असे कळते, की सात वर्षे वेढा चालवूनही मुल्हेरच्या प्रतापशहाला नमवता आले नाही, कारण किल्ल्यांवर चारा, धान्य आणि पाणी यांची कमतरता नव्हती. अखेर बादशहाने तडजोड केली, आणि राजाने वाटेवरच्या व्यापाऱ्यांची नीट राखण करावी, बादशहाकडे नजराणे धाडावेत व एक मुलगा बुऱ्हाणपूरला ओलीस ठेवावा या अटींवर त्याचे राज्य त्याच्याकडे राहू दिले. या अटींत व्यापाऱ्यांच्या राखणीला मिळालेले स्थान लक्षात घेण्याजोगे आहे. बागलाणची किंमत मोगलांच्या हिशेबात त्याच्या जमिनीइतकीच त्याच्या वाटेत होती.

ती तडजोड फार टिकली नाही. दख्खनचा सुभेदार म्हणून आलेल्या शाहजादा औरंगजेबाच्या फौजांनी १६३८मध्ये मुल्हेर घेतले. राजाला सुलतानपूरचा परगणा देऊन बाजूला करण्यात आले, मुल्हेरचे नाव औरंगगड ठेवण्यात आले, आणि मोहिमेतील सरदार मुहंमद ताहिर याच्या नावावरून मोसमकाठी ताहराबाद हे गाव वसल्याचे सांगितले जाते. औरंगगड हे नाव कोणाच्या तोंडी बसले नाही, ताहराबाद मात्र बसले, कारण ते बाजाराचे आणि रहदारीचे ठिकाण होते. शिवाजी महाराजांच्या फौजांनी १६७१च्या आरंभी साल्हेर घेतले आणि पुढच्याच वर्षी किल्ल्याच्या परिसरातील मैदानात मोरोपंत पिंगळे व प्रतापराव गुजर यांनी इखलासखान व बहलोलखान यांच्या मोगली सैन्याचा पराभव केला. समोरासमोरच्या लढाईत मराठ्यांनी मिळवलेला हा मोगलांवरचा पहिला मोठा विजय मानला जातो आणि सूर्याजी काकडे याच युद्धात पडले. महाराष्ट्रातील सर्वसामान्य वाचकाला बागलाणची ओळख असते ती बहुतेक या एका लढाईमुळे, आणि लढाईचे मोठेपण खरे असले तरी त्यामुळे मुलखाच्या इतिहासातला अधिक दीर्घ भाग, म्हणजे तेथील शेतकऱ्यांनी उभारलेली व्यवस्था, झाकोळून गेला आहे. १८१८मध्ये मुल्हेर इंग्रजांच्या ताब्यात आले, बागलाण खानदेश जिल्ह्यात घातले गेले, आणि १८६९मध्ये नाशिक हा स्वतंत्र जिल्हा झाला तेव्हा मालेगाव व नांदगाव यांच्याबरोबर ते खानदेशातून काढून नाशिकला जोडण्यात आले. पुढे बागलाणातूनच कळवण तालुका वेगळा करण्यात आला.

ज्या व्यवस्थेचा वर उल्लेख केला ती फड पद्धत होय. पांझरा, मोसम, आरम आणि गिरणा यांच्या खोऱ्यांत ती किमान तीनचारशे वर्षे चालत आली असून काही अभ्यासक तिचा उगम खानदेशच्या फारुकी राजवटीपर्यंत नेतात. नदीच्या पात्रात दगड-चुन्याचा बुटका बंधारा घालायचा, त्याच्यामागे अडलेले पाणी एका काठाने काढलेल्या पाटात, म्हणजे कालव्यात, सोडायचे, आणि पाट उताराने वाहत जाऊन ज्या जमिनीला भिजवील ती साऱ्या गावाची एकत्र शेती समजून कसायची, हा या पद्धतीचा गाभा. पाटाखालच्या या जमिनीला थळ म्हणत. थळाचे सामान्यतः तीन किंवा चार मोठे तुकडे पाडलेले असत आणि त्या प्रत्येक तुकड्याला फड हे नाव होते. एका फडात एका हंगामात एकच पीक घेतले जाई. एका फडात ऊस असेल तर दुसऱ्यात भात किंवा गहू, तिसऱ्यात पावसाळी पीक, आणि एखादा फड विसाव्याला पडीक, असा फेरा दरवर्षी पुढे सरके.

या रचनेतील खरी बुद्धी मालकीच्या वाटणीत होती. प्रत्येक खातेदाराची जमीन एकाच जागी सलग नसून शक्यतो प्रत्येक फडात थोडी थोडी असे. त्यामुळे उसाचा फड कोणताही ठरो, त्यात साऱ्यांचा वाटा येई, आणि पाण्याच्या टंचाईत एखादा फड कोरडा ठेवण्याची वेळ आली तर तोटाही साऱ्यांना सारख्या प्रमाणात पोचे. पाटाच्या तोंडाशी असलेल्याने पाणी जिरवावे आणि शेवटच्याने आभाळाकडे पाहावे, हे प्रत्येक कालव्याचे जुने दुखणे असते. बागलाणच्या गावांनी ते उपदेशाने किंवा दंडाने बरे करण्याचा प्रयत्न न करता जमिनीची मांडणीच अशी केली, की तोंडाशी असलेला आणि शेवटचा हे दोघे बहुधा एकच माणूस असत. सिंचनाच्या इतिहासात इतका साधा आणि इतका परिणामकारक उपाय क्वचित आढळतो.

रोजच्या कारभारासाठी गावाने नेमलेली माणसे असत. पाटकरी हा फडात प्रत्यक्ष पाणी देणारा. शेतकऱ्याने स्वतः पाटाला हात लावायचा नाही, कुदळ घेऊन बांध फोडायचा आणि बुजवायचा तो पाटकऱ्यानेच, आणि ज्या क्रमाने वाफे लागले असतील त्या क्रमाने एकाचे बारे संपल्याशिवाय दुसऱ्याचे सुरू होत नसे. पाटकरी एखाद्याचा वाफा भिजवत असताना त्या वाफ्याचा धनी तेथे हजर असण्याची गरजच नव्हती, इतका हा क्रम निर्वेध समजला जाई. जागल्या उभ्या पिकाची राखण करी, गुरे आणि रानडुकरे यांना हुसकावी, आणि हवालदार या दोघांवर देखरेख ठेवी. या सर्वांचा मोबदला रोखीत नसून पिकाच्या वाट्यात, पेंढ्यांच्या किंवा धान्याच्या मापाने मिळे, म्हणजे फड पिकला तर त्यांचे घर चाले. वर्षातून एकदा लाभधारकांची बैठक भरे, पंच निवडले जात, कोणता फड कोणत्या पिकाला द्यायचा ते ठरे, आणि पाटातला गाळ उपसण्यासाठी प्रत्येकाने आपल्या क्षेत्राच्या प्रमाणात माणूसबळ किंवा पैसा द्यायचा, हेही तेथेच निश्चित होई. फडाला पाणी पाजून उरलेले पाणी चाऱ्यांतून पुन्हा नदीत जाई आणि खालच्या गावाच्या बंधाऱ्याशी अडे. एका नदीवर एकामागे एक असे अनेक बंधारे नांदू शकले ते याच परतीच्या पाण्यामुळे. इंग्रजी महसूल खात्याने पाटाखालच्या जमिनीची पाटस्थळ आणि विहिरीवरच्या मोटेच्या जमिनीची मोटस्थळ अशी वेगळी प्रतवारी करून त्यांवर जिरायतीपेक्षा चढा आकार बसवला, पण पाण्याच्या पाळ्या कोणी द्यायच्या यात त्याला फारसे शिरावे लागले नाही, कारण ते काम आधीपासून नीट होत होते.

या मुलखाच्या मनोवृत्तीचा आणखी एक पुरावा सटाण्याच्या ग्रामदैवतात मिळतो. आरमकाठचे सटाण्याचे प्रमुख मंदिर कोणा पौराणिक देवाचे नाही. ते यशवंत महादेव भोसेकर या इंग्रजी अमलातील मामलेदाराचे आहे. मामलेदार म्हणजे तालुक्याचा महसूल, खजिना आणि काही प्रमाणात न्याय सांभाळणारा अधिकारी. १८१५मध्ये पुण्यात जन्मलेले भोसेकर खानदेशातील अनेक तालुक्यांत नोकरी करत सटाण्याला आले, आणि १८७०-७१च्या दुष्काळात त्यांनी सरकारी खजिन्यातील पैसा उपाशी लोकांना वाटला. परंपरा ही रक्कम एक लाख सत्तावीस हजार रुपये सांगते, आणि पुढे तपासणीसाठी वरिष्ठ आले तेव्हा तिजोरी जशीच्या तशी भरलेली आढळली, असे भक्तांचे म्हणणे आहे. तिजोरीचा चमत्कार श्रद्धेच्या क्षेत्रातला आहे आणि इतिहासाने त्यात हात घालण्याचे कारण नाही, परंतु दुष्काळात तिजोरी उघडणाऱ्या अंमलदाराला लोकांनी देव मामलेदार म्हणावे, त्याचे मंदिर बांधावे आणि त्याला गावाचा रक्षक मानावे, ही ऐतिहासिक घटना आहे. महसूल वसूल करणारा माणूस ग्रामीण महाराष्ट्रात सहसा भीतीचा विषय असे. सटाण्याने त्यातल्या एकाला गाभाऱ्यात बसवले. डिसेंबर १८८७मध्ये त्यांचे नाशिक येथे देहावसान झाले, गोदाकाठी यशवंतराव महाराज पटांगण आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते, आणि मार्गशीर्ष वद्य एकादशीला सटाण्यात त्यांची यात्रा भरते, तेव्हा रथाच्या मिरवणुकीला साऱ्या तालुक्यातून माणूस लोटतो.

बोलीच्या बाबतीत बागलाण नाशिकपेक्षा धुळे-जळगावला जवळचे आहे. तालुक्याच्या मोसम आणि आरम खोऱ्यांतील घराघरांत अहिराणी बोलली जाते. तेथे मुलाला आंडोर आणि मुलीला आंडेर म्हणतात, मला-तुला यांच्या जागी माले-तुले येते आणि वाक्य आहेऐवजी शे या क्रियापदावर संपते. जॉर्ज ग्रिअर्सन यांनी भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाच्या १९०७मध्ये निघालेल्या खंडात खानदेशीचा समावेश भिली भाषांबरोबर केला, आणि तिचा पाया गुजरातीकडचा असून तिच्यावर मराठीचा दाट थर चढला आहे अशी मांडणी केली. मराठीतील पुष्कळ अभ्यासकांनी नंतर तिला मराठीचीच बोली मानले. घाटाच्या वाटेने गुजरात आणि दख्खन यांच्यात शतकानुशतके ये-जा चालू असलेल्या प्रदेशाची बोली दोन्ही बाजूंचे काही घेऊन घडावी, हे स्वाभाविकच आहे. पश्चिमेकडे, साल्हेरच्या पायथ्याशी आणि डांगच्या सीमेलगत, कोकणा व भिल्ल वस्ती असून तेथे कोकणी (ही समुद्रकिनाऱ्यावरच्या कोकणीहून निराळी) आणि भिली ऐकू येते. २०११च्या जनगणनेत खानदेशी या शीर्षकाखाली देशभरात सुमारे १८ लाख ६० हजार भाषकांची नोंद झाली, पण आपली मातृभाषा विचारल्यावर मराठी असे सांगणारे अहिराणी भाषक पुष्कळ असल्याने हा आकडा प्रत्यक्षापेक्षा बराच कमी असला पाहिजे.

छोट्या स्थानिक संस्था आणि भाषा यांचा संबंध कसा असू शकतो, हे समजण्यासाठी फिनलंडचे उदाहरण उपयोगी पडते. तेथे १८६५च्या कायद्याने ग्रामीण भागातील नागरी कारभार चर्चच्या परगण्यापासून वेगळा करून कुंता, म्हणजे गावपातळीची स्वायत्त संस्था, निर्माण केली. फिनिश आणि स्वीडिश या दोन राष्ट्रभाषांपैकी कोणती भाषा कोणत्या कुंतेत चालेल हे कायदा ठरवतो. अल्पसंख्य भाषेचे बोलणारे तेथील लोकसंख्येच्या ८ टक्के किंवा किमान ३,००० असतील तर ती कुंता द्विभाषी होते, नाहीतर एकभाषी राहते. काही हजार वस्तीच्या फिनिशभाषक कुंतेला आपली भाषा कचेरीत, शाळेत आणि पाटीवर लिहिलेली दिसते. सटाणा नगरपरिषदेचा ठराव मात्र प्रमाण मराठीत लिहिला जातो आणि त्यावरची चर्चा, सभागृहाबाहेरच्या ओट्यावर तरी, अहिराणीत होते. तालुक्यातील अहिराणीला लेखी रूप मिळाले ते व्यक्तिगत प्रयत्नांतून, आणि त्यात सटाण्याचे अभ्यासक सुधीर देवरे यांनी अहिराणीतून चालवलेल्या ढोल या नियतकालिकाचा उल्लेख आवर्जून करायला हवा, कारण ज्या बोलीत लिहिणे म्हणजे विनोद करणे असा समज रूढ होता, त्या बोलीत लोकपरंपरेचे गंभीर संकलन त्याने केले.

कचेरीने न सांभाळलेली बोली घराने आणि सणाने सांभाळली. श्रावणात नागपंचमीनंतर येणाऱ्या रविवारी बसणारी कानबाई ही खानदेशाची आणि बागलाणची खास देवी. तिची मूर्ती नसते. एक निवडलेला नारळ चौरंगावर कलशावर बसवून त्याला डोळे आणि नथ लावतात, वस्त्र नेसवतात, भोवती केळीचे खांब उभारतात आणि रात्रभर बायका अहिराणी गाणी म्हणतात. या देवीचा प्रसाद म्हणजे रोट. त्यासाठी दळायचे गहू घरातील पुरुषांच्या संख्येच्या हिशेबाने मोजले जातात, आणि त्या पिठाचे जे शिजेल ते खीर, कानोले व गंगाफळाच्या भाजीसह भाऊबंदांनीच मिळून संपवायचे असते. म्हणून सुरत, नाशिक किंवा मुंबईला नोकरीसाठी गेलेले भाऊ या सणाला गावी येतात, आणि वर्षभर बंद असलेली घरे त्या दोन दिवसांपुरती उघडतात. सोमवारी वाजतगाजत कानबाईचे नदीवर विसर्जन होते.

अक्षय्य तृतीया, येथील बोलीत आखाजी, हा दुसरा मोठा सण. सासरच्या लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, पितरांसाठी घागर भरली जाते, खापरावर पुरणाचे मांडे होतात, आणि शेतीच्या हिशेबाचे नवे वर्षही याच दिवशी सुरू होते, कारण सालदाराचा, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचा, करार आखाजीला संपतो आणि नव्याने ठरतो. एकाच दिवशी लेकीला विसावा आणि गड्याला पुढच्या वर्षाची बोलणी, असा हा सण आहे, आणि त्याच्या आनंदाबरोबर ही दुसरी बाजूही नोंदली पाहिजे. जुन्या राजधानीच्या मुल्हेर गावात मात्र कोजागरीच्या रात्री उद्धव महाराजांच्या समाधीमंदिरात रासक्रीडेचा उत्सव होतो. खांबावर मोठे रासचक्र चढवले जाते आणि त्याखाली रात्रभर पदे गायली जातात, ज्यांत मराठीबरोबर हिंदी, व्रज आणि गुजराती वळणाची पदेही असतात. राजधानी गेली, टांकसाळ बंद पडली, पण बहुभाषी दरबाराची सवय या एका रात्रीत गावाने जपून ठेवली आहे असे म्हणता येते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाण्याचे गणित बदलले. मोसमवर हरणबारी आणि आरमवर केळझर येथे धरणे झाली, नदीचा बारमाही प्रवाह धरणाच्या आवर्तनांवर, म्हणजे ठरावीक मुदतीने सोडल्या जाणाऱ्या पाण्यावर, अवलंबून राहू लागला. विहिरींवर मोटेच्या जागी विजेचे पंप आले. ज्याची विहीर त्याचे पाणी, असे झाल्यावर साऱ्यांनी मिळून एकच पीक घेण्याचे कारण उरले नाही, आणि वारसावाटण्यांनी फडातील तुकडे इतके लहान झाले की मालकाला आपला तुकडा वेगळ्या पिकाखाली आणणे सोयीचे वाटू लागले. अनेक बंधारे गाळाने भरले, पाटकऱ्याचे काम मोडीत निघाले, आणि काही थळांवरच जुना क्रम कसाबसा चालू राहिला. हा ऱ्हास कोणा एकाच्या दुष्टपणाने झाला नाही, पण तो होताना शासनाच्या सिंचन विभागाने फडाच्या पंचांना कालव्याच्या कारभारात जागा दिली असती तर एक घडीव व्यवस्था नव्या धरणांच्या कामी आली असती, ही खंत रास्त आहे.

शेती मात्र खुंटली नाही. कळवण, सटाणा, मालेगाव आणि देवळा या चार तालुक्यांच्या आद्याक्षरांवरून कसमादे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पट्ट्याने उन्हाळ कांदा, डाळिंब आणि आगाप द्राक्ष या तीन पिकांवर नवा संसार उभारला. आगाप द्राक्ष म्हणजे पावसाळ्यातच फळछाटणी करून, नाशिक-निफाडचा मुख्य हंगाम सुरू होण्याआधी बाजारात येणारे द्राक्ष. पावसाचा आणि रोगांचा मोठा धोका पत्करून ते घेतले जाते, कारण त्या दिवसांत परदेशी बाजारात त्याला स्पर्धा कमी असते. डाळिंबाने या भागात बंगले उभे केले आणि तेल्या या जिवाणूजन्य रोगाने, ज्यात पानाफळांवर तेलकट डाग पडून फळ फुटते, हजारो झाडे उपटायलाही लावली. अबुल फजलने चारशे वर्षांपूर्वी या मुलखाच्या फळांत मोजलेली द्राक्षे आणि डाळिंबे पुन्हा येथील अर्थकारणाच्या केंद्रस्थानी आली, तरी जातिवंत रोपे, औषधफवारणी आणि कर्ज या तिन्ही गोष्टी आता बाहेरून येतात.

प्रशासनाच्या नकाशावरही बागलाण दोन दिशांना ओढले गेलेले दिसते. महसूल, पोलीस आणि जिल्हा परिषद यांसाठी त्याला नाशिककडे पाहावे लागते, तर २००८च्या मतदारसंघ पुनर्रचनेपासून लोकसभेसाठी ते धुळे मतदारसंघात मोडते, ज्यामुळे बोलीच्या हिशेबाने ते आपल्या जुन्या खानदेशी सोयऱ्यांबरोबर मतदान करते. पण आजच्या काळात या मुलखाच्या ऐक्याची खरी परीक्षा पाण्याच्याच प्रश्नावर झाली. सटाणा शहराची तहान आरमच्या पाण्याने भागेना, तेव्हा नगरपरिषदेने कळवण तालुक्यातील पुनद धरणातून जलवाहिनी टाकून पाणी आणण्याची योजना हाती घेतली आणि तिला कळवणच्या शेतकऱ्यांनी मोठा विरोध केला. शेताला पाणी की शहराला, पाइपातून की नदीतून, हे वादाचे मुद्दे होते आणि दोन्ही बाजूंची गरज खरी होती. जो कळवण एकेकाळी बागलाणचाच भाग होता, त्याच्या आणि सटाण्याच्या मध्ये बसून निवाडा करील असा पंच आता गावाजवळ उरलेला नव्हता, त्यामुळे हे प्रकरण आंदोलने, मंत्रालय आणि न्यायालय या मार्गांनी गेले, आणि अखेरीस जलवाहिनीचे काम पोलीस बंदोबस्तात करावे लागले.